तंजावरचा विसावा

तंजावरच्या छोट्या किल्ल्यात, शिवगंगा तळ्यालगत, १७७९ साली बांधलेलं एक चर्च आहे. त्यात संगमरवराचं एक शिल्प आहे. घडवलं इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी, करवून घेतलं तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी. मरणशय्येवर एक म्हातारा जर्मन पाद्री, त्याचा हात हातात घेतलेला तरुण मराठी राजा, पायथ्याशी शाळेतली मुलं.

मी तंजावरला आले होते सरस्वती महाल ग्रंथालयातली जुनी मराठी नाटकं वाचायला. चर्चमध्ये मात्र शिरले ते थकून. दोन अनुवाद रखडलेले, नगरला आईच्या आजारपणाचं दुसरं वर्ष, आणि दर तासाला भावाचा फोन. मी ख्रिस्ती घरात वाढले. लहानपणी संध्याकाळची प्रार्थना दिवेलागणीइतकी ठरलेली असे. अलीकडे ती मोबाईलमधल्या कामांच्या यादीत गेली होती. उरकली की खूण करायची. देवापाशी विश्रांती मिळते, हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ती घ्यायला वेळ कुठून आणायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शिल्पातल्या त्या माणसाला तर माझ्याहून कमी वेळ होता. क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले. पुढे तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर हे त्यांचं घर झालं. तमिळ ते शिकलेच, पण दरबारासाठी मराठी आणि फारसीही शिकले. लग्न केलं नाही. १७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रज सरकारनं त्यांना बोलणी करायला श्रीरंगपट्टणला हैदर अलीकडे पाठवलं. पुढच्याच वर्षी हैदरची स्वारी आली आणि तंजावरचा मुलूख उजाड झाला. किल्ल्यात माणसं उपाशी मरत होती, पण बाहेरचे शेतकरी धान्य वाहायला बैल देईनात. आधीचे पैसे बुडाले होते. श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी स्वतःच्या शब्दावर घेतली, तेव्हा दोन-तीन दिवसांत हजारभर बैल जमले. १७८७ मध्ये तुळजाराजांनी मरण्यापूर्वी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी त्यांच्या हवाली केला. चुलता अमरसिंह गादीवर बसला, मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झ त्याच्या हक्कासाठी सरकारदरबारी अर्ज करत राहिले.

हे सगळं निव्वळ पुण्यकर्म नव्हतं. ज्या कंपनीपाशी त्यांनी सरफोजीची बाजू मांडली, तिनंच १७९९ मध्ये राज्याचा कारभार काढून घेतला आणि राजाकडे किल्ला व शहर तेवढं ठेवलं. ते बघायला श्वार्ट्झ नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले होते.

त्यांना विसावा मिळत होता का? मला त्यांच्या दिनक्रमातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सकाळी ते आपल्या तमिळ उपदेशकांना बोलावत, सगळे प्रार्थना करत आणि जोडी-जोडीनं गावोगाव निघत. संध्याकाळी परत जमायचं. कोण भेटलं, काय जमलं, काय फसलं, हे सांगायचं, आणि ते सगळं प्रार्थनेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोठी सुट्टी अशी नव्हतीच. दिवसाचं ओझं दिवसाकाठी खाली ठेवणं होतं.

अनुवादकाला इथं शब्द आडवा येतो. कष्टी माणसांना येशू ज्याचं आश्वासन देतो, त्याला मराठी बायबलात ‘विसावा’ म्हटलं आहे. तमिळमध्ये ‘इळैप्पारुदल’: थकवा निवणं. आपला विसावा वाटेवरचा असतो. वारीत पालखी दुपारी विसाव्याला थांबते आणि उठते. अंत्ययात्रेतही तिरडी एकदा विसाव्याच्या जागी टेकवतात आणि खांदे बदलून पुढे नेतात. आणि येशूच्या त्या आश्वासनाला लागूनच जू खांद्यावर घ्यायचं सांगितलेलं आहे. ही जोडी मला कायम विसंगत वाटत आली होती.

तिची समजूत पटली ती गावाबाहेरच्या रस्त्यावर. तमिळ मुलखात जुन्या वाटांच्या कडेला दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा, अशी रचना दिसते. तिला ‘सुमैतांगी’ म्हणतात, म्हणजे ओझं पेलणारी. उंची साधारण खांद्याएवढी. डोक्यावरचा भारा उतरवायला वाटसरूला वाकावं लागू नये, पुन्हा उचलायला कोणाला हाक मारावी लागू नये, म्हणून. बाळंतपणाआधीच पोटातल्या बाळासह गेलेल्या बाईच्या स्मरणार्थ तो दगड उभारायची रीत होती. जिला स्वतःचं ओझं उतरवता आलं नाही, तिच्या नावानं इतरांची ओझी टेकतात.

त्या दगडापाशी झोपायला जागा नसते. ओझंही कमी होत नाही. पण चार श्वास मान मोकळी होते.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत आपल्या देवांचे राहिले. श्वार्ट्झ यांच्या थडग्यासाठी मात्र त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. रामेश्वरच्या वाटेवर त्यांच्या घराण्याची छत्रं होती. त्यांनीही १८०२ मध्ये ओरत्तनाडला एक बांधलं. तिथं यात्रेकरूंना जेवण आणि निवारा मिळे, आजाऱ्यांना औषध. छत्रं ही तंजावरकर मराठ्यांची जुनीच परंपरा, तिचं श्रेय पाद्र्याला देता येणार नाही. पण कामाच्या रगाड्यातही रोज थांबणारा माणूस या राजानं लहानपणी जवळून पाहिला होता, एवढं म्हणता येईल.

त्या रात्री भावाचा फोन आला. आईला झोप लागत नव्हती. मी त्याला फोन तिच्या कानाशी धरायला सांगितला आणि दिवसभरात काय वाचलं, काय लागलं नाही, हे तिला सांगत गेले. शेवटी दोघींनी मिळून ‘आमेन’ म्हटलं. सकाळी अनुवाद तिथंच होते. मी यादीतून प्रार्थनेची ओळ तेवढी काढून टाकली.