तीन हजार पुठ्ठ्याचे तुकडे

'आर' या सॉफ्टवेअरमध्ये दोन रकान्यांतला सहसंबंध तपासायला एक ओळ पुरते: 'कॉर डॉट टेस्ट' लिहायचं, कंसात दोन्ही रकान्यांची नावं. एंटर दाबलं की उणे १ ते १ यांच्यामधला एक आकडा येतो, आणि सोबत पी-व्हॅल्यू. आपण बहुतेक जण ती ०.०५च्या खाली आहे ना एवढंच बघतो आणि स्लाइड बनवायला घेतो. खरं तर ती एका प्रश्नाचं उत्तर असते: या दोन गोष्टींचा काडीचाही संबंध नसता, तरी एवढ्याशा नोंदींत निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून जास्त सहसंबंध दिसण्याची शक्यता किती?

हा प्रश्न मागाहून आला. फ्रान्सिस गाल्टनने १८८८ मध्ये माणसाची उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांतला सहसंबंध ०.८ काढला. कार्ल पिअर्सनने १८९६ मध्ये आज आपण वापरतो ते सूत्र दिलं. पिअर्सनच्या लंडनच्या प्रयोगशाळेत नोंदी शेकड्यांनी, हजारांनी असत. तिथे योगायोगाची फारशी धास्ती नव्हती.

धास्ती होती डब्लिनमध्ये, गिनेसच्या बिअर कारखान्यात. विल्यम गॉसेट तिथे नोकरीला होता. सातूचं कुठलं वाण चांगलं, हे चार-पाच नोंदींवरून ठरवायची वेळ त्याच्यावर यायची. त्यासाठी तो १९०६ मध्ये वर्षभर पिअर्सनकडे येऊन राहिला आणि तिथे त्याने एक उद्योग केला, जो मला आजवरच्या कुठल्याही कोडपेक्षा जास्त आवडतो.

इंग्लंडमध्ये गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठी त्यांच्या शरीराची मापं घेत. त्यातल्या ३००० जणांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी छापून आली होती. गॉसेटने ती पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर उतरवली, तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. गटागटाची आकडेमोड केली. पुढे त्याने एकाची उंची दुसऱ्याच्याच बोटाशी जोडली. आता खरा संबंध उरलाच नव्हता. तरीही चार माणसांच्या गटात मोठमोठे सहसंबंध दिसत राहिले! आपण आज याला सिम्युलेशन म्हणतो आणि ते दोन सेकंदांत उरकतं.

या आकड्यांचा आकार बघून त्याने सूत्राचा अंदाज बांधला आणि १९०८ मध्ये तो छापला. कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून लेखक 'स्टुडंट'. अंदाज बरोबर होता हे रोनाल्ड फिशरने १९१५ मध्ये सिद्ध केलं.

आता गैरसोयीची बाजू. गाल्टन, पिअर्सन, फिशर हे तिघेही सुप्रजननवादी होते. 'चांगल्या' रक्ताच्या माणसांची पैदास वाढावी, बाकीच्यांची घटावी, या मताचे. माणसं मोजण्यामागे ही हौस होती. संबंध सापडावा अशी इच्छा आधी, मापं नंतर. पण चाचणीची गंमत अशी, की ती 'नाही' म्हणू शकते. मोजणाऱ्यात ते 'नाही' लिहायची हिंमत मात्र हवी.

ती ज्यांच्यात होती त्यांना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला पीएचडी करत होत्या. गाइड ऑयगेन फिशर. नाव सारखं, माणूस वेगळा. याच्या वंशविषयक मतांचा पुढे नाझींनी उपयोग केला. त्याचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते आणि हीच त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि कवटीचा हा असमतोल यांच्यात त्यांना काहीही संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध.

फिशर खूश नव्हता. त्याने ग्रेड कमी दिली, पण डॉक्टरेट मिळाली. पुण्याला परतल्यावर बाईंनी मोजमाप सोडलं नाही. महाराष्ट्रातल्या लोकांची मापं त्यांनी घेतली आणि १९५१ मध्ये ती डेक्कन कॉलेजातर्फे पुस्तकरूपाने आली. सहलेखक होते संख्याशास्त्र जाणणारे वि. म. दांडेकर.