काचेतलं भातखाचर

फिश टँकच्या तळाशी माती घालायची म्हटलं की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. माती? पाण्यात? गढूळ नाही का होणार? दुकानदाराचं तर ठरलेलं उत्तर असतं, "साहेब, माती चालत नाही, ही रंगीत खडी घ्या." गंमत अशी की काचेच्या भांड्यात मासे आणि वनस्पती एकत्र कसे जगतात याचं गणित ज्याने पहिल्यांदा नीट मांडलं, त्याच्या भांड्याच्या तळाशी वाळू आणि चिखलच होता.

हा माणूस म्हणजे रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ. साधारण १२ गॅलनच्या भांड्यात त्याने दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. (हिचे भाऊबंद आपल्याकडच्या तळ्यांतही वाढतात.) त्याचा हिशोब साधा होता. माशांनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड झाडाने घ्यायचा, झाडाने सोडलेला ऑक्सिजन माशांनी घ्यायचा. पण झाडाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी खराब होऊ लागलं. आता आपण काय केलं असतं? बहुतेक एक फिल्टर विकत आणला असता :) वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. हे सगळं त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तोवर 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द या अर्थाने रुळलेलाही नव्हता. तो रुळवला फिलिप गॉस याने, १८५४ च्या आपल्या पुस्तकातून.

मग माती गेली कुठे?

माझं मत विचाराल तर ती मोटारीने घालवली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घरोघरी एअर पंप आला आणि त्याच्यासोबत खडीखालचा फिल्टर, म्हणजे तळाला प्लॅस्टिकची जाळी, वर खडी आणि पाणी सतत खडीतून खाली ओढलं जातंय. अशा टँकमध्ये माती टाकली तर तासाभरात चहा तयार! हॉलंडच्या लोकांनी झाडांचे टँक जपले, पण बाकी जगाने खडी, फिल्टर आणि प्लॅस्टिकची झाडं यावर समाधान मानलं. आपल्याकडे दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये दिसणारा, बुडबुडे सोडणाऱ्या पाणबुड्यावाला टँक आठवा.

माती परत आली ती दोन वाटांनी. एक जपानची. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या छायाचित्रकाराने पाण्याखालच्या बागेची कलाच उभी केली. त्याच्या कंपनीने जपानी मातीच्या दाणेदार गोळ्या बाजारात आणल्या. काम चोख करतात, पण एका पिशवीला काही हजार रुपये मोजावे लागतात. दुसरी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड बाईंची. त्यांचं प्लँटेड अ‍ॅक्वेरियमच्या पर्यावरणशास्त्रावरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. त्यांची पद्धत अगदी घरगुती. इंचभर साधी माती, वर इंचभर बारीक खडी, पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं आणि खिडकीचा उजेड. थोडक्यात, वॉरिंग्टनचं भांडं दीडशे वर्षांनी पुन्हा टेबलावर आलं.

वॉलस्टॅडबाईंची पद्धत का चालते हे शोधताना मी पोचलो थेट भातशेतीवर. मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत फेलिक्स पोन्नमपेरुमा नावाचे श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ होते. पाण्याखाली बुडालेल्या जमिनीच्या रसायनशास्त्रावर त्यांचा १९७२ चा एक मोठा लेख आहे. माती बुडाली की तिच्यातला ऑक्सिजन दिवसभरातच संपतो. मग सूक्ष्मजीव आधी नायट्रेट वापरतात, नंतर मॅंगनीज, मग लोह. एरवी न विरघळणारं लोह विरघळायला लागतं, त्याला चिकटलेला फॉस्फरस मोकळा होतो. आम्ल असो की अल्कधर्मी, मातीचा पीएच हळूहळू सातच्या आसपास सरकतो. म्हणजे खत घालायच्या आधीच ताट वाढलेलं! भाताची मुळं या गुदमरलेल्या चिखलात जगतात कारण ती पानांकडून आलेला ऑक्सिजन आजूबाजूला सोडतात. टँकमधली व्हॅलिस्नेरिया हेच करते, क्रिप्टोकोरिनही. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर कोकणातल्या ओढ्यांकाठी आणि खाचरांत आपल्या आपण उगवतात.

हे वाचल्यावर नाशिककराला वेगळं कुठे जायची गरज नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा. पावसाळ्यात आवणीच्या वेळी घोटीच्या रस्त्याला जाऊन बघा, चिखलणी केलेलं खाचर म्हणजे वरून उघडा प्लँटेड टँकच. पूर्वेकडची निफाड-येवल्याची काळी माती मात्र मी घेतली नाही. द्राक्ष-कांद्याला ती सोनं आहे, पण तिची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, पाण्यात लवकर बसत नाही आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. पश्चिमेकडच्या तांबूस मातीत लोह भरपूर असतं. कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार झाला तर लोह त्याला बांधून टाकतं.

माझी टाकी दीड फुटाची, चाळीसेक लिटरची. एका मित्राच्या शेतातली माती चाळली, भिजवून वर तरंगणारा काडीकचरा तीन-चार वेळा ओतून दिला, वाळवली. इंचभर थर, वर दीड इंच धुतलेली जाड वाळू. पहिले काही आठवडे मासे नाहीत, कारण नवी बुडालेली माती अमोनिया सोडते. टेस्ट किटवर तो शून्य दिसल्यावरच गप्पी आले. आता काचेला लागून वाळूखाली काळे-करडे डाग दिसतात. घरचे म्हणतात सडलं. मी त्यांना पोन्नमपेरुमा सांगतो. असो.

दुकानात 'रोटाला इंडिका' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा रोटाला रोटुंडिफोलिया असतं. खरी इंडिका भातखाचरातलं तण! आणि साताऱ्याच्या पठारांवरच्या डबक्यांत वायतुरा फुलतो, त्याला शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये सातारेन्सिस हे नाव दिलं. आपल्या सह्याद्रीतली नावं कॅटलॉगमध्ये परदेशी वाटतात, ही एक वेगळीच गंमत.

उलट प्रवासही झालाय. हायड्रिला ही आपल्या भागातली साधी पाणवनस्पती १९५० च्या दशकात श्रीलंकेतून अमेरिकेत गेली, अ‍ॅक्वेरियमसाठी, 'इंडियन स्टार-वाइन' या नावाने. फ्लॉरिडात ती एका कालव्यात पोचली आणि मग तिने तिथले तलाव भरून टाकले. ती काढण्यावर तिथे आजही पैसा ओतला जातो. आपल्या गोदावरीतली जलपर्णी अशीच दक्षिण अमेरिकेची पाहुणी. खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्यामुळे टँकमधलं कातरलेलं काहीही मी नदीत किंवा नाल्यात टाकत नाही. ते जातं बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत. कढीपत्ता खूश आहे.