दात काढावा की वाचवावा? सुश्रुतापासून उदगीरपर्यंतचा इतिहास 🧵

१/ उदगीर म्हटले की इतिहासप्रेमींना आठवते ते फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ती लढाई. आजचा विषय मात्र त्याच मुलखातील माणसांच्या एका जुन्या दुखण्याचा आहे: किडलेली दाढ, आणि एकदा उपचार करूनही पुन्हा ठणकणारी दाढ.

२/ आरंभ प्राचीन ग्रंथांपासून करू. सुश्रुतसंहितेत ‘दंतनाडी’ हा विकार येतो. दाताच्या मुळाशी पू साचतो आणि हिरडीतून वाट काढून वाहू लागतो. सुश्रुताचा आदेश स्पष्ट आहे: असा दात काढावा, जागा डागावी, दुर्लक्ष केल्यास ही नाडी जबड्याचे हाड फोडते.

३/ त्याला एक अपवाद होता. वरचा, घट्ट बसलेला दात उपटू नये. अतिरक्तस्राव होऊन रोग्याचा डोळा जाण्याची वा तोंड वाकडे होण्याची भीती तेथे सांगितली आहे. म्हणजे दात काढणे हाही जिवावरचा निर्णय होता.

४/ वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दुसरी वाट दिसते. किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तप्त शलाकेने डागावी. पोकळी भरून दात जागेवर ठेवण्याचा हा प्रयत्न होता. मात्र मुळातील बारीक नळ्यांपर्यंत पोहोचण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

५/ ते साधन एकोणिसाव्या शतकात आले. १८३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नळी साफ करण्याची बारीक सळई घडवली. मलायातील झाडांचा चीक, म्हणजे गटापर्चा, १८४० च्या दशकात युरोपात पोहोचला आणि १८६७ मध्ये बोमन यांनी तो मुळात भरला. याच गटापर्चाचे वेष्टण समुद्राखालील तारांनाही असे. १८६४ ची पर्शियन आखातातील तार, जिच्यामुळे हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला, तीही त्यातलीच.

६/ मग उलटा वारा सुटला. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात दोष ठेवला तो सोन्याच्या टोप्यांखाली दडलेल्या पूवर. अशा दातांतून सर्व शरीरात रोग पसरतो, हा विचार बळावला. त्यानंतरची काही दशके पाश्चात्त्य देशांत, वाचवता आले असते असे असंख्य दात उपटले गेले.

७/ हंटर यांचे निरीक्षण पूर्णतः निराधार नव्हते. त्या काळी पुष्कळ उपचार एक्स-रे न काढताच होत. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये त्यांच्या साहाय्याने मुळाची लांबी मोजली. पण ही पद्धत सर्वत्र रुळण्यास बराच काळ गेला.

८/ पहिला उपचार फसतो तरी का? वॉल्टर हेस यांनी हजारो दातांच्या नळ्यांचे साचे घेऊन त्याचे एक उत्तर दिले. मुळातील नळ्या सरळ नसतात. त्यांना फाटे फुटतात. वरच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या साफ केल्या, तरी चौथी बहुधा असतेच आणि ती सहज निसटते. उरलेले कारण जंतू: १९६५ मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी दाखवले की जंतुविरहित उंदरांचा दात उघडा पडला तरी गर सडत नाही.

९/ आता उदगीरकडे वळू. मार्च १९४८ मध्ये भारताचा दंतवैद्यक कायदा झाला, तेव्हा उदगीर निजामाच्या बीदर जिल्ह्यात होते; संस्थान भारतात आले ते सप्टेंबरात. या कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले: एक पदवीधरांचा, दुसरा पदवी नसूनही किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करणाऱ्यांचा. बाजारात दात काढून देणाऱ्यांचे जग कायद्याने असे मान्य केले, आणि हळूहळू मागे सारले.

१०/ १९५६ मध्ये उदगीर तालुका मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात. औरंगाबादचे शासकीय दंत महाविद्यालयही १९८२ चेच. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय मात्र १९३३ चे. मराठवाड्याला वाट पाहावी लागली ती सुमारे अर्धे शतक. जवळ उपचार नसेल तेव्हा ‘काढून टाका’ हाच सल्ला उरतो.

११/ आज जुने गटापर्चा विरघळवून काढता येते, सूक्ष्मदर्शकाखाली निसटलेली नळी शोधता येते, मोडलेली सळईही पुष्कळदा बाहेर काढता येते. तरी उभे चिरलेले मूळ वाचत नाही. भग्न आणि हलणारा दात मुळासकट काढावा, हा सुश्रुताचा निर्णय तेवढ्या जागी आजही टिकून आहे. बदलले आहे ते त्याच्या अलीकडचे सारे: कोणता दात खरोखर भग्न, हे आता आत पाहून ठरवता येते.