संगणकाचा वेग आणि मदरबोर्डाचे स्थैर्य



गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने मला एक प्रश्न विचारला. स्वतःच्या हाताने संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींपैकी तो एक. म्हणाला, "मामा, प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त पळवायचाय, पण मशीन मध्येच बंद पडता कामा नये. मदरबोर्ड कोणता घेऊ?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि ध्यानात आले की मी सांगणार होतो ते पंचवीस वर्षांपूर्वीचे शहाणपण होते. आज ते अर्धेच खरे उरले आहे. अर्धे का उरले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. तोच आज आपणापुढे ठेवतो.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतली ती मोठी पाटी, जिच्यावर प्रोसेसर, मेमरी, चित्र दाखवणारे कार्ड, सारे काही बसते. तिची मुख्य कामे दोन. सर्वांना एक ठोका पुरवायचा, म्हणजे सगळे एका लयीत चालतात. आणि सर्वांना वीज पुरवायची, तीही ज्याला जेवढी सोसेल तेवढीच. प्रोसेसर कारखान्यातून निघताना त्याची तपासणी होते आणि त्यावर वेगाचा आकडा छापला जातो. हा आकडा टाकताना कारखानदार हात राखून असतो. गिऱ्हाइकाच्या घरी वैशाखाचे ऊन असेल, पंख्यात धूळ साचेल, वीज कमीजास्त होईल, तरी हिशेब चुकू नये म्हणून. खरी ताकद आणि छापील वेग यांतील या फरकाला मी शिल्लक म्हणेन. ही शिल्लक खर्ची टाकणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. आता ही शिल्लक कोणाच्या मालकीची, कारखानदाराची की गिऱ्हाइकाची, हा तंटा फार जुना आहे.

१९८४ साली आयबीएमने पीसी-एटी हा संगणक आणला. त्यातला ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चाले. बोर्डावरील १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा तो निम्मा वेग. क्रिस्टल खोबणीत बसवलेला होता. लोकांनी तो उपटून १६चा बसवला, आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावू लागले. खर्च किरकोळ, लाभ एकतृतीयांश. आयबीएमला हे रुचले नाही. पुढच्या आवृत्तीच्या बायॉसमध्ये कंपनीने वेग तपासणारा एक पहारेकरीच बसवला. ठोका ठरल्यापेक्षा जलद दिसला की यंत्र सुरूच होईना. आपण पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूने आपल्यालाच अडवावे, याची ही पहिली नसली तरी ठळक वेळ होती.

परंतु या विषयाचा सुवर्णकाळ म्हणतात तो १९९८चा. त्या एप्रिलमध्ये इंटेलने ४४०-बीएक्स हा चिपसेट आणला. बोर्डाचा मूळ ठोका त्यामुळे ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर गेला. ऑगस्टच्या २४ तारखेला त्याच कंपनीने दोन प्रोसेसर एकाच दिवशी जाहीर केले. एक पेंटियम-२, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००-ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. इंटेलने सेलेरॉनच्या पोटातला गुणाकार साडेचारावर कुलूपबंद केला होता. ६६ गुणिले साडेचार म्हणजे ३००. तो गुणाकार कोणाला बदलता येत नसे. मूळ ठोका मात्र बोर्डाच्या हाती होता. बोर्डाने ६६ऐवजी १००चा ठोका दिला की तेच साडेचार ४५० होतात! आणि सेलेरॉनची कॅशे लहान, १२८ किलोबाइट, असली तरी ती प्रोसेसरच्याच चकतीवर पूर्ण वेगाने चाले. पेंटियम-२ची ५१२ किलोबाइटची कॅशे बाहेर आणि अर्ध्या वेगाची. म्हणून बऱ्याच कामांत हा स्वस्तातला प्रोसेसर साडेचारपट किमतीच्या भावाच्या खांद्याला खांदा लावून चालला.

आता येथे एक गोष्ट आहे, जी बोर्ड निवडणाऱ्याने आजही समजून घ्यावी. हौशी लोकांपैकी कित्येकांनी भीतभीत मधला मार्ग धरला. १०० नको, ८३ घेऊ. ३७५ मेगाहर्ट्झ मिळाले तरी पुष्कळ. आणि त्यांचीच यंत्रे बिघडली! कारण असे, की बोर्डावरील इतर कार्डांना आणि हार्ड डिस्कला मिळणारा ठोका मूळ ठोक्याला भागून निघतो, आणि तो ३३ मेगाहर्ट्झ असावा असा नियम. ६६ला दोनाने भागले की ३३. १००ला तिनाने भागले की पुन्हा ३३. ८३ वर ज्या बोर्डांत दोनानेच भागले जाई, तेथे साडेएक्केचाळीस येत. भजनात मृदंगाची लय चढली की टाळकऱ्यांनाही चढावे लागते. एखादा वयस्क टाळकरी मागे पडला की सारा अभंग विस्कटतो. तशी डिस्क मागे पडे आणि लिहिलेली माहिती नासे. म्हणजे मोठी उडी सुरक्षित आणि छोटी घातक, असा उलटा न्याय. १०० हा बीएक्स बोर्डाचा स्वतःचा, हक्काचा ठोका होता. त्या वेगात मर्यादा ओलांडत होता तो एकटा प्रोसेसर. बोर्ड आपल्या घरीच होता. स्थैर्याचे मर्म तेव्हा हे होते.

त्या काळी ॲबिट नावाच्या तैवानी कंपनीचा बीएच-६ हा बोर्ड हौशी मंडळींच्या तोंडी होता. इतर अनेक बोर्डांवर ठोका बदलायचा तर पेटी उघडून चिमुकले जंपर चिमट्याने हलवावे लागत. बीएच-६ वर तेच काम पडद्यावरच्या यादीतून होई, आणि प्रोसेसरचा दाब २.० व्होल्टवरून थोडा वर नेता येई. असुसचा पी-२-बी त्या मानाने जुन्या वळणाचा, जंपरचा, पण भरवशाचा. ज्यांच्या बोर्डावर १००ची सोयच उघड नव्हती, त्यांनी प्रोसेसरच्या काठावरील बी-२१ या पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा किंवा नखांचे पॉलिश लावले. पिन झाकली की बोर्ड समजे, हा १०० मेगाहर्ट्झवालाच आहे. जगातील सर्वांत मोठ्या चिप-कारखान्याची किंमतपत्रिका नेलपॉलिशच्या एका थेंबाने पालटली, याची मला आजही गंमत वाटते.

यंत्र चालू होणे आणि यंत्र बरोबर चालणे यांतला भेद हौशी लोक याच काळात शिकले. त्यासाठी त्यांनी घेतलेली कसोटी मुळात या कामाची नव्हतीच. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी प्राइम-९५ हा कार्यक्रम लिहिला. प्रोसेसरला उसंत न देता तो गुणाकार करीत राहतो. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी उदाहरणे घालतो आणि उत्तर एका अंकानेही चुकले तर थांबतो. संख्याशास्त्राचे हे अवजार हौशी मंडळींनी सोन्याच्या कसासारखे वापरले. रात्रभर, काही जण चोवीस तास, यंत्र त्यावर घासत. उत्तर चुकले की वेग एक पायरी खाली. हा नुसता छंद होता असे म्हणणाऱ्यांनी २००० सालचा ऑगस्ट आठवावा. एएमडीशी चाललेल्या चढाओढीत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ बाजारात आणला. काही परीक्षकांनी तो नेटाने चालवून पाहिला, त्यावर चुका होतात असे दाखवून दिले, आणि महिन्याभरातच कंपनीला तो परत घ्यावा लागला. शिल्लक कारखान्यानेच खाऊन टाकली तर काय होते, याची ती पहिली चुणूक होती.

बोर्डाच्या दुसऱ्या कामाचा, विजेचा, धडा आम्हांला उशिरा मिळाला. माझ्या घरी २००० नंतर घेतलेला एक संगणक होता. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तो दुपारी आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. मी विजेला दोष दिला, स्टॅबिलायझर आणला, सॉफ्टवेअर दोनदा नव्याने घातले. शेवटी पेटी उघडली, तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर भाकरीसारखे फुगलेले, आणि दोघांच्या माथ्यावर तपकिरी चिकट राळ. हा रोग जगभर होता. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या कित्येक कपॅसिटरांतले विद्युत-द्रावण सदोष होते. त्यातून वायू निर्माण होऊन ते फुटत. ॲबिट बाधित कंपन्यांपैकी एक होती आणि तिने ते मान्यही केले. डेलने २००५ साली या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पण निर्दोष कपॅसिटरचेही आयुष्य मोजकेच असते. १०५ अंश सेल्सियसला २००० तास टिकणारा कपॅसिटर दर दहा अंश उतरले की दुप्पट टिकतो, असा ढोबळ नियम आहे. ६५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. ज्याने प्रोसेसरचा दाब वाढवला, त्याने भोवतालच्या कपॅसिटरांचे आयुष्यही नकळत कापले. पुढे घन पॉलिमरचे कपॅसिटर रूढ झाले आणि हा रोग हटला. ॲबिट मात्र तोवर थकली होती. २००८च्या अखेरीस तिने दार लावले.

यानंतर तंट्याचे रूप पालटले. २००८ पासून प्रोसेसर स्वतःच, थंडावा आणि वीज पाहून, वेग वाढवू लागला. २०११ साली इंटेलने मूळ ठोका एकाच ठिकाणी असा बांधला की तो थोडासा वाढवला तरी सारेच डळमळे. गुणाकार मोकळा हवा असेल तर नावापुढे ‘के’ अक्षर असलेला महाग प्रोसेसर आणि त्याला साजेसा महाग चिपसेट घ्या, हा मार्ग. जी शिल्लक नेलपॉलिशच्या थेंबाने मिळे, ती आता दुकानात विकायला ठेवली गेली. आणि त्याहीपुढे जाऊन कारखान्यांनी तीतला बहुतेक भाग छापील वेगातच घालून टाकला.

याचा परिणाम २०२३-२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर, मालकाने काहीही वाढवलेले नसताना, चुका करू लागले. बोर्डवाल्यांची आपसांत स्पर्धा अशी, की परीक्षणात आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा म्हणून कित्येकांनी विजेची मर्यादा मुळातच उठवलेली. प्रोसेसरची ठरलेली कमाल २५३ वॅट, आणि बोर्डाच्या यादीत आकडा ४०९६! पण दोष एकट्या बोर्डांचा नव्हता. इंटेलच्याच मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक दाब मागत होता, आणि त्याने आतला ठोक्याचा मंडल-भाग हळूहळू झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त्या आल्या, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढली. झिजलेले मात्र दुरुस्तीने भरून आले नाही. एएमडीच्या बाबतीतही २०२३च्या एप्रिलमध्ये काही प्रोसेसर जळाले आणि एका दाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली.

तेव्हा भाच्याला मी काय सांगितले? जाहिरातीतले वीज-फेजांचे आकडे मोजू नकोस. त्यांच्यावरचा उष्णता-शोषक जड आहे का, आणि आपल्या खोलीत चाळीस अंश असताना तो भाग किती तापतो, हे कोणी मोजले असेल तर ते पाहा. आज प्रोसेसर एक व्होल्टच्या आसपास दोनशे अँपिअर मागू शकतो. १९९८चा सेलेरॉन अवघ्या १९ वॅटांचा होता. मेमरी पळवायची असेल तर चार खोबण्यांपेक्षा दोनच खोबण्यांचा बोर्ड बरा, कारण वाट आखूड आणि फाटे कमी. कंपनी जुन्या बोर्डांना किती वर्षे नवे बायॉस देते, हे मागच्या पिढीच्या बोर्डांवरून तपास. २०२४ साली ज्यांना वेळेवर बायॉस मिळाला नाही त्यांचेच अधिक हाल झाले. आणि बायॉस बिघडला तर प्रोसेसरशिवाय तो पुन्हा भरता येईल असे बटण मागील बाजूस असेल, तर त्यासाठी चार पैसे जास्त दे. रंगीत दिव्यांना देऊ नकोस. हे शेवटचे त्याला पटले नाही.

त्याने मधल्या किमतीचा एक बोर्ड आणला. जोडणी झाल्यावर आम्ही दोघे बायॉसच्या पडद्यापुढे बसलो. त्याचा प्रोसेसर चौदाव्या पिढीचा, आणि विजेच्या मर्यादेच्या रकान्यात खरोखरच ४०९६. वेग वाढवण्यासाठी आणलेल्या बोर्डावर त्याने पहिली गोष्ट केली ती तो आकडा खोडून २५३ लिहिण्याची. नंतर नवा बायॉस भरला, मेमरी तेवढी एक पायरी वर नेली, आणि प्राइम-९५ लावून आम्ही झोपलो. पहाटे माझी बहीण पंख्याच्या आवाजाने उठून विचारायला आली, की हे रात्रभर काय दळताय. पडद्यावर तेव्हा एकही चूक नव्हती.