लाजाळूचा दिवा

गेममधला परग्रह म्हटलं की दिवे निळे नाहीतर जांभळे. संपला विषय! पण १९९८ साली आलेल्या 'हाफ-लाइफ'मध्ये शेवटी शेवटी आपण 'झेन' नावाच्या परक्या जगात पोचतो, तिथला दिवा मला आजही अफलातून वाटतो. जमिनीतून वर आलेला लांब देठ, टोकाला चमकणारा गोळा. जवळ गेलात की देठ झटकन आत आणि उजेड गायब. लांब जाऊन थांबलात की थोड्या वेळाने परत वर. आपलं लाजाळूच, फक्त बॅटरी घातलेलं.

यात विशेष काय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९९३ च्या 'डूम'मध्ये उजेड म्हणजे नकाशाच्या प्रत्येक तुकड्याला दिलेला एक आकडा, ० ते २५५. अख्खा तुकडा सारखाच उजळ. १९९६ च्या 'क्वेक'ने खऱ्यासारख्या सावल्या आणल्या, पण त्या आधीच गणून भिंतींवर जणू रंगवून ठेवलेल्या. गेम चालू असताना तेवढं गणित तेव्हाच्या पीसीला झेपणारच नव्हतं.

मग दिवा विझवायचा कसा? तर त्याचा उजेड वेगळा गणून वेगळा साठवायचा आणि विझला की बेरजेतून वगळायचा. भिंतीच्या एका तुकड्यावर असे थर फार तर ४. लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी तर चक्क अक्षरांची एक ओळ: 'ए' म्हणजे मिट्ट काळोख, 'एम' म्हणजे नेहमीचा उजेड, सेकंदाला १० अक्षरं. (क्वेकमधला हाच लुकलुकाट २०२० च्या 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स'मध्येही सापडला! २४ वर्षांत कोणी हात लावला नाही. चालतंय ना, मग राहू दे... आम्हा आयटीवाल्यांचा आवडता मंत्र.)

हाफ-लाइफचं इंजिन मुळात क्वेकचंच. म्हणजे विझणारा दिवा ही जपून वापरायची गोष्ट. व्हाल्व्हवाल्यांनी ती एका रोपट्यावर खर्च केली.

व्हाल्व्हने गेमचा बराचसा कोड पुढे खुला केला, त्यात हे रोपटं सापडतं. कोणी स्पर्श केला की ते खाली बसतं, चकाकी लपवतं आणि जोडलेल्या दिव्याला 'बंद' सांगतं. दडून बसायची वेळ ५ सेकंद. पण त्याआधी एक छोटीशी अट आहे: स्पर्श करणारा खेळाडू आहे का? झेनमधले बाकीचे प्राणी खुशाल शेजारून जावोत, दिवा ढिम्म. तो घाबरतो फक्त तुम्हाला.

झेनला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, त्या कंटाळवाण्या उड्यांबद्दल तर रास्तच. पण इथे पोचेपर्यंत तुम्ही शेकडो जीव मारलेले असतात, आणि प्रत्येक वेळी परका म्हणजे समोरचा. हे रोपटं चावत नाही, अंगावर येत नाही. तुम्हाला पाहून नुसतं घरातला दिवा मालवतं, आणि तुम्ही सूटचा टॉर्च लावून पुढे चालू लागता.