धरण आणि धरणे

नदीला धरून ठेवते ते धरण. पूर्वी थकलेल्या कर्जासाठी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसे, तेही 'धरणे'च. पण इथे हात रिकामे, पकड फक्त शब्दात. मूळ अर्थ सुटून त्याला लागून असलेला अर्थ पुढे येतो, त्याला साहित्यशास्त्र लक्षणा म्हणते.

पुण्याजवळच्या मुळशीत एकाच धातूची ही दोन लेकरे समोरासमोर आली. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-नीला संगमावर धरण उभे राहू लागले आणि १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, मावळातले शेतकरी काम रोखायला तिथेच बसले. शेतकऱ्यांचे नेते बापट यांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्याने दिले. सैन्य नव्हते, तरी रूपक इतके घट्ट बसले की पांडुरंग महादेव हे नाव मागेच पडले.