गोंडवानाचं पान

आमच्या दिंडोशीच्या टेकड्यांचा दगड लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात कोळशाचे थर नाहीत. पण आपल्या घरातली वीज कुठून येते हे शोधायला बसलं की गाडी चंद्रपूरला पोचते. तिथल्या वीजकेंद्रापासून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाईन १९९९ मध्ये सुरू झाली. क्षमता १५०० मेगावॅट!

चंद्रपूरचा कोळसा 'बराकर' थरांतला. वय सुमारे २८ कोटी वर्षं, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा. तेव्हा तिथे दलदल होती आणि तिच्यात ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं. पानं जिभेच्या आकाराची. तीच कुजून, दबून कोळसा झाली.

बराकरच्या वर कामठीचे वालुकाश्म आहेत. कोळसा नाही, पण पानांचे ठसे सुरेख. ते गोळा केले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४५ मध्ये तो नागपुरात आला. गंमत म्हणजे हाच माणूस गोंडांची भाषा, गाणी आणि कथाही टिपून ठेवत होता. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना तो पुरात बुडाला. गोंडांवरची त्याची टिपणं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापली.

पुढे १८७२ मध्ये मेडलिकटने या खडकांना नाव दिलं 'गोंडवाना'. १८८५ मध्ये स्यूसने तेच नाव दक्षिणेच्या अख्ख्या जुन्या भूखंडाला दिलं. आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ १६ किलो दगड सापडले. उपाशी माणसांनी शेवटपर्यंत ओढलेल्या त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस होतं. चंद्रपूर आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच जमिनीवर होते, याचा तो पुरावा.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांचं नाव जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलं, आणि त्यांच्या जमिनीखालचा कोळसा आपल्या दिव्यांत. ताडोब्याजवळ लोहाऱ्याला खाण होणार होती; चंद्रपूरकरांनी विरोध केला आणि २००९ मध्ये ती अडली. तिथल्या लोकांना हिशोब कळतो, कारण धूळ त्यांच्या घरात येते. आपल्या घरात फक्त उजेड येतो, आणि बिलात त्या पानाची किंवा त्या माणसांची नोंद नसते.

असो. पंखा चालूच आहे. पण बटण दाबताना आता ते पान आठवतं खरं.